वणव्यानंतरचे रान

उन्हाळ्यातल्या दुपारी पिंपळाच्या पारावर तुम्ही कधी बसला असाल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. आजूबाजूचे आंबे, चिंचा निश्चल उभ्या असतात, त्यांचे एक पानही हलत नसते; पिंपळ मात्र एकसारखा सळसळत असतो. त्याचे कारण त्याच्या पानाच्या देठात आहे. हा देठ लांब व लवचीक असल्यामुळे, आपल्या अंगाला न जाणवणारी झुळूकही त्या पानाला पुरेशी होते. उत्तर अमेरिकेच्या डोंगराळ मुलखात याहूनही चंचल पानांचा एक वृक्ष आढळतो. त्याचे नाव अ‍ॅस्पेन. त्याच्या पानाचा देठ गोल नसून चपटा असतो आणि तो पानाच्या पात्याशी काटकोन करून असतो. त्यामुळे वाऱ्याच्या अगदी मंद स्पर्शानेही पान स्थिर राहू शकत नाही. हजारो पाने एकदम थरथरू लागली, म्हणजे दूरवर कोठेतरी पाऊस पडत असल्याचा भास होतो. शास्त्रज्ञांनी या वृक्षाला दिलेल्या लॅटिन नावातही त्याच्या थरथरण्याचाच उल्लेख आहे.

अलास्काच्या थंड प्रदेशापासून मेक्सिकोच्या पर्वतांपर्यंत हा वृक्ष पसरलेला आहे. उत्तर अमेरिकेत एवढ्या विस्तृत प्रदेशात आढळणारा दुसरा वृक्ष नाही. त्याचे काही भाऊबंद आपल्या हिमालयातही वाढतात. अ‍ॅस्पेनचे खोड सरळ, सडपातळ आणि पांढुरके असते. त्यावरून हात फिरवला, तर तळव्याला खडूसारखी पांढरी भुकटी लागते. त्या पांढऱ्या थराखाली साल हिरवट असते, आणि पाने गळून गेल्यावरही ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने थोडेफार अन्न तयार करीत राहते. शरद ऋतूत या झाडांची पाने पिवळीधमक होतात. त्या वेळी डोंगराचे उतारच्या उतार हळदीने माखल्यासारखे दिसतात.

अशा या देखण्या झाडाचे एक वैगुण्य आहे. त्याची साल पातळ असते. काही वृक्षांना जाड, खडबडीत सालीचे चिलखत असते आणि जमिनीलगत पसरणारी आग त्यांच्या बुंध्याला चाटून गेली, तरी आतला जीव वाचतो. अ‍ॅस्पेनला असे चिलखत नाही. बुंध्याभोवती थोडी आग लागली, तरी साल भाजून निघते आणि झाड उभ्या उभ्या मरते. तेव्हा ज्या मुलखात वारंवार वणवे लागतात, तेथून हे झाड केव्हाच नाहीसे व्हावयास हवे होते, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात घडते ते नेमके याच्या उलट.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यलोस्टोन नावाचे एक विशाल राष्ट्रीय उद्यान आहे. ते १८७२ साली स्थापन झाले. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचा लौकिक आहे आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर आहे. जमिनीतून उसळणारे उष्ण पाण्याचे फवारे, अस्वले, गवे आणि मैलोगणती पसरलेली पाइन वृक्षांची अरण्ये यांसाठी ते प्रसिद्ध आहे. १९८८ सालच्या वसंत ऋतूत तेथे चांगला पाऊस झाला होता. परंतु जून महिना उजाडला आणि आभाळ जणू कोरडे पडले. गवत वाळले, पडलेली लाकडे कडकडीत झाली. विजा पडून ठिकठिकाणी आगी लागल्या. एक मोठी आग तर लाकूडतोडीच्या कामावरील कोणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकामुळे लागली. वारा सुटला की या आगी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर उडी घेत. २० ऑगस्ट या एकाच दिवशी सुमारे साठ हजार हेक्टर प्रदेशात आग पसरली. तो दिवस तेथील लोक अजूनही ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखतात.

आग विझवण्यासाठी त्या उन्हाळ्यात एकंदर सुमारे पंचवीस हजार माणसे राबली. विमानांतून पाणी व औषधे टाकण्यात आली, जमीन खणून पट्टे मोकळे करण्यात आले. पण वणव्यापुढे या उपायांचे फारसे काही चालले नाही. सप्टेंबरच्या ७ तारखेला आगीचे लोळ ओल्ड फेथफुल नावाच्या सुप्रसिद्ध उष्ण फवाऱ्याजवळ येऊन ठेपले. तेथील जुनी लाकडी विश्रांतिशाळा मोठ्या शिकस्तीने वाचवण्यात आली. शेवटी ११ सप्टेंबरला पाऊस आणि बर्फ पडू लागले, तेव्हा कोठे आगीचा जोर ओसरला. माणसांच्या एवढ्या मोठ्या फौजेला जे साधले नाही, ते थोड्याशा हिमवर्षावाने साधले. उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग, म्हणजे सुमारे तीन लाख वीस हजार हेक्टर जमीन, आगीच्या तडाख्यात सापडली होती. वर्तमानपत्रांत काळ्या खुंटांची छायाचित्रे झळकली. यलोस्टोन आता संपले, असे पुष्कळांना वाटले.

दुसऱ्या वर्षी बर्फ वितळले. जेथे अ‍ॅस्पेनची झाडे जळून गेली होती, तेथे काळ्या जमिनीतून हिरवे अंकुर वर आलेले दिसू लागले. ते एखाद्-दुसरे नव्हते. पाऊल ठेवण्यास जागा मिळू नये इतके होते.

हे अंकुर आले कोठून? ते बियांपासून उगवलेले नव्हते. वर दिसणारी खोडे जळाली, तरी जमिनीखालची मुळे जिवंत होती. माती ही उष्णतेची मंद वाहक आहे. वर आग भडकलेली असतानाही चार बोटे खाली मातीत गारवा असू शकतो. अ‍ॅस्पेनची मुळे जमिनीच्या वरच्या थरात आडवी, दूरवर पसरलेली असतात. काही ठिकाणी आग फार वेळ धुमसत राहिली, तर अगदी वरची मुळे भाजून निघतात. पण त्यांच्याखाली आणखी मुळे असतात. त्या मुळांवर बारीक बारीक कळ्या असतात आणि त्यांतून नवी खोडे फुटतात.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलाला हे फारसे नवल वाटणार नाही. ऊस तोडून नेला, तरी जमिनीत राहिलेल्या बुडख्यांपासून फुटवे येतात आणि खोडव्याचे पीक उभे राहते. केळीचा घड उतरवून खांब तोडला, तरी बाजूचे मुनवे वाढत असतात. अर्थात ही तुलना समजण्यापुरतीच; कारण ऊस आणि केळ यांचे फुटवे बुडख्यातून किंवा कंदातून येतात, तर अ‍ॅस्पेनचे फुटवे मूळ झाडापासून कित्येक पावले दूर गेलेल्या मुळावरही येतात. अधिक जवळचे उदाहरण हवे असेल, तर विदर्भातील टेंभुर्णीचे घ्यावे. तिचे झाड तोडले किंवा वणव्यात होरपळले, तर तिच्या मुळांतूनही असेच फुटवे निघतात; आणि विड्या वळण्यासाठी जी तेंदूची पाने खुडतात, ती पुष्कळदा अशाच कोवळ्या झुडपांची असतात.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. मुळांवर कळ्या आधीपासूनच येऊ शकतात, तर आग लागण्यापूर्वी त्या का फुटत नाहीत? एरवीच्या दिवसांत जमिनीतून एखाद्-दुसराच फुटवा येतो, आणि आगीनंतर मात्र हजारोंनी येतात, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर वनस्पतीच्या अंगातील रसायनांत सापडते. झाडाच्या शेंड्यावरील कळ्या आणि कोवळी पाने ऑक्झिन नावाचे एक द्रव्य तयार करतात. ते खोडातून उतरत उतरत मुळांपर्यंत जाते आणि मुळांवरील कळ्यांना फुटू देत नाही. घरातील वडीलधारी माणसे जागी असली, म्हणजे मुले जशी गप्प पडून राहतात, तसेच हे. उलट, मुळांच्या टोकांशी सायटोकायनिन नावाचे दुसरे द्रव्य तयार होत असते. ते कळ्यांना फुटण्याची चेतना देते. झाड धडधाकट असते, तोवर वरून येणाऱ्या ऑक्झिनचा वरचष्मा असतो. आगीने खोड मेले की हा प्रवाह एकाएकी थांबतो. मुळांतील सायटोकायनिनचा अंमल सुरू होतो आणि कळ्या जाग्या होतात.

आगीचे आणखी एक साहाय्य होते. अरण्यात जमिनीवर सावली असते, पालापाचोळ्याचा थर असतो. त्यामुळे माती थंड राहते. वणव्याने सावली नाहीशी होते, पाचोळा जळतो आणि जमीन काळी पडते. काळा रंग सूर्याची उष्णता अधिक शोषून घेतो, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला आहातच. ही ऊबदार माती फुटव्यांना मानवते. शिवाय मेलेल्या झाडाने अनेक वर्षे मुळांत साठवून ठेवलेले अन्न असतेच. जमिनीच्या वर येऊन स्वतःची पाने उघडीपर्यंत फुटव्याला त्या शिदोरीवर राहता येते. बियांतून उगवणाऱ्या रोपट्याला आपले मूळ आधी पसरावे लागते, पाणी शोधावे लागते. फुटव्याला मात्र तयार घर, भरलेली कणगी आणि दूरवर गेलेल्या मुळांतून येणारे पाणी, हे सारे जन्मतःच मिळते. म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात तो गुडघाभर, कधी कधी कमरेएवढाही उंच होतो. एका हेक्टर जमिनीत असे दहा-वीस हजार फुटवे येणे ही सामान्य गोष्ट आहे. काही ठिकाणी तर त्यांची संख्या लाखाच्या घरात गेलेली आढळली आहे.

एवढी सगळी झाडे जगत नाहीत, आणि जगली तर त्यांना उभे राहण्यासही जागा पुरणार नाही. पुढील काही वर्षांत त्यांच्यात प्रकाशासाठी चढाओढ लागते. जो मागे पडतो, तो शेजाऱ्याच्या सावलीत वाळून जातो. काहींना रोग लागतो, काही प्राण्यांच्या तोंडी पडतात.

आता या हकिकतीची दुसरी बाजू पाहू. अ‍ॅस्पेनला आग लागली तरी तो पुन्हा उगवतो, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. पुष्कळ ठिकाणी त्याला आग लागणे आवश्यकच असते. अ‍ॅस्पेनला भरपूर ऊन लागते. त्याच्या विरळ, हलत्या पानांतून प्रकाश जमिनीपर्यंत झिरपतो आणि त्या मंद प्रकाशात स्प्रूस व फर यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांची रोपे सुखाने वाढतात. त्यांना सावलीचे वावडे नसते. ती हळूहळू वाढतात. पण साठ, ऐंशी, शंभर वर्षांत अ‍ॅस्पेनच्या डोक्यावर जातात. त्यांची सावली दाट आणि बारमाही असते. त्या सावलीत अ‍ॅस्पेनचे नवे फुटवे जगत नाहीत. जुनी खोडे साधारण शंभर-सव्वाशे वर्षांची झाली, म्हणजे एकेक करून पडतात आणि त्यांची जागा घेण्यास कोणी उरत नाही. ज्या रोपांना अ‍ॅस्पेनने आपल्या छायेत वाढवले, तीच त्याला घराबाहेर काढतात.

तथापि, या सूचिपर्णी वृक्षांबरोबर राळही येते, आणि वाळल्या सुयांचा थर व जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या वाळक्या फांद्याही येतात. नुसत्या अ‍ॅस्पेनच्या रानात खाली हिरवे गवत व ओलसर झुडपे असतात. तेथे येऊन वणवा पुष्कळदा मंदावतो. स्प्रूस आणि फर यांची दाटी झालेल्या रानात मात्र आग शिडी चढावी तशी शेंड्यापर्यंत चढते. त्या आगीत ते वृक्ष जळून जातात आणि त्यांना मुळांतून पुन्हा फुटता येत नाही. रान मोकळे होते, ऊन जमिनीवर पडते आणि अ‍ॅस्पेनची मुळे पुन्हा डोके वर काढतात.

हा क्रम हजारो वर्षे चालला होता. विजेमुळे आगी लागत. तेथील आदिवासी जमातीही गवत वाढावे, शिकार मिळावी म्हणून ठिकठिकाणी लहान आगी लावीत. पुढे गोऱ्या लोकांचे राज्य झाले. १८८६ साली यलोस्टोनचा कारभार सैन्याकडे सोपवण्यात आला आणि सैनिकांनी आगी विझवण्याचे काम हाती घेतले. १९१० साली आयडाहो व मॉन्टाना या संस्थानांत भयंकर वणवा पेटला. त्यात सुमारे बारा लाख हेक्टर प्रदेश जळाला आणि अनेक माणसे प्राणास मुकली. त्या धक्क्यानंतर सरकारचे धोरण अधिकच कडक झाले. १९३५ साली तर असा नियमच करण्यात आला, की कोठेही आग दिसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत ती आटोक्यात आणलीच पाहिजे. हेतू चांगला होता, यात शंका नाही. ज्यांनी माणसे जळताना पाहिली, त्यांनी दुसरे काय करावयाचे होते? पण त्याचा परिणाम असा झाला, की अनेक डोंगरांवर सूचिपर्णी वृक्ष माजले, वाळके लाकूड साचत गेले आणि अ‍ॅस्पेनची राने आक्रसू लागली. यलोस्टोनमध्ये १९७२ पासून विजेने लागलेल्या काही आगी जळू देण्याचे धोरण आले. १९८८ साली त्या धोरणावर पुष्कळ टीका झाली. त्या वर्षीच्या कोरड्या हवेत आणि सोसाट्याच्या वाऱ्यात कोणते धोरण टिकले असते, हा प्रश्न मात्र टीकाकारांनी फारसा विचारला नाही.

त्या वणव्याने शास्त्रज्ञांनाही एक धडा दिला. पश्चिमेकडील कोरड्या पर्वतांत अ‍ॅस्पेन बियांपासून जवळजवळ कधीच उगवत नाही, असे तोवर मानले जाई. त्याचे बी अतिशय बारीक असते. कापसासारख्या तंतूंच्या आधारे ते वाऱ्यावर उडते. पण त्याच्यात अन्नाचा साठा नसतो आणि ते थोडेच आठवडे जिवंत राहते. त्याला उघडी, सतत ओलसर राहणारी माती हवी असते. असा योग त्या प्रदेशात क्वचितच जुळून येतो. आणि १९८९ साली तो जुळून आला. जळालेल्या पाइनच्या अरण्यांत, जेथे जवळपास अ‍ॅस्पेनचे नाव नव्हते, अशा ठिकाणीही अ‍ॅस्पेनची इवलीशी रोपे उगवलेली आढळली. काही रोपे तर जुन्या अ‍ॅस्पेनच्या रानांपासून कित्येक किलोमीटर दूर होती. मुळांतून येणारा फुटवा हा जुन्याच झाडाचा भाग असतो, त्याच्यात नवे काही नसते. बियांपासून उगवलेले प्रत्येक रोप मात्र आईबापांहून वेगळे असते. म्हणून शास्त्रज्ञांना या रोपांचे अप्रूप वाटले.

रोपे आली, फुटवे आले. पण ते सगळे वाढले नाहीत. यलोस्टोनमध्ये एल्क नावाचे, आपल्या सांबरासारखे थोराड हरीण आहे. अ‍ॅस्पेनचा कोवळा शेंडा म्हणजे त्याचा आवडता खाऊ. हिवाळ्यात बर्फाने गवत झाकले गेले, म्हणजे तर तो शेंडे आणि सालीही सोडीत नाही. या उद्यानातील शेवटचे लांडगे १९२६ च्या सुमारास मारण्यात आले होते. त्यानंतर एल्कची संख्या वाढली आणि वर्षानुवर्षे अ‍ॅस्पेनचे फुटवे गुडघ्याच्या वर जाईनासे झाले. १९८८ च्या आगीनंतर उत्तर भागात आलेल्या पुष्कळ फुटव्यांचीही तीच गत झाली. १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून एकंदर एकतीस लांडगे आणून तेथे सोडण्यात आले. एल्क कमी झाले. अस्वले, डोंगरी सिंह आणि उद्यानाबाहेरील शिकारी यांचाही त्यात वाटा होता, आणि लांडग्यांना किती श्रेय द्यावे, याविषयी जाणकारांत अद्याप वाद आहे. पण काही ठिकाणी अनेक दशकांनंतर प्रथमच अ‍ॅस्पेनचे फुटवे एल्कच्या तोंडाला लागणार नाहीत इतके उंच झाले, हे मात्र डोळ्यांनी पाहता येते.

अ‍ॅस्पेनच्या मुळांचे सामर्थ्य केवढे असते, हे पाहावयाचे असेल, तर यूटा संस्थानातील फिशलेक नावाच्या सरकारी अरण्यात जावे. तेथे सुमारे त्रेचाळीस हेक्टर जमिनीवर अ‍ॅस्पेनचे एक रान आहे. त्यात सुमारे सत्तेचाळीस हजार खोडे आहेत. दिसावयास ते हजारो वृक्षांचे अरण्य. पण प्रत्यक्षात ते सारे एकच झाड आहे. एका मुळातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे, असे फुटत फुटत ते एवढे पसरले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ बर्टन बार्न्स यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९७० नंतरच्या दशकात ही गोष्ट ओळखली. पाने, साल आणि फांद्यांची ठेवण सगळीकडे तंतोतंत सारखी आहे, हे त्यांनी निरखून पाहिले होते. पुढे खोडांतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनेही तेच सिद्ध झाले. १९९२ साली त्याला ‘पँडो’ असे नाव मिळाले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मी पसरतो’ असा होतो. त्याचे वजन सुमारे साठ लाख किलोग्रॅम असावे, असा अंदाज आहे. त्याचे वय नक्की सांगता येत नाही. पण ते हजारो वर्षांचे आहे. तेवढ्या काळात त्याच्या खोडांच्या किती पिढ्या जळाल्या आणि किती पुन्हा उभ्या राहिल्या, याची गणती कोण करणार?

या पुरातन झाडाला सध्या चिंता आहे ती हरणांची. जुनी खोडे म्हातारी होऊन पडत आहेत आणि मुळांतून येणारे फुटवे हरणे व गुरे खाऊन टाकतात. म्हणून अलीकडे त्याच्या काही भागाभोवती उंच कुंपण घालण्यात आले. एका भागात मुळांना चेतना मिळावी म्हणून मुद्दाम थोडी जमीन जाळून, तर कोठे काही खोडे तोडूनही पाहण्यात आले. कुंपणाच्या आत फुटव्यांची दाटी झाली आहे आणि त्यांतील पुष्कळ चांगले वाढीस लागले आहेत. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, पांढऱ्या खोडांखाली नुसते गवत दिसते.